जात किती फुटांवर लागते?

२०२४ च्या मार्च महिन्यात बनशंकरीतल्या आमच्या गल्लीत रात्री दहा वाजता बोअरची गाडी आली. एक गाडी मशीनची, दुसरी कॉम्प्रेसर आणि रॉडची. समोरच्या घराचे मालक, ज्यांना गल्लीत सगळे अंकल म्हणतात, दुपारीच पाणाड्याला घेऊन प्लॉटभर फिरले होते. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ ज्या कोपऱ्यात उभा राहिला तिथं चुन्यानं फुली मारली. मग हळद-कुंकू, लिंबू, उदबत्ती झाली. रात्रभर गल्ली हादरत होती. पहाटेपर्यंत अकराशे फूट झाले आणि पाणी लागलं नाही. निघाली ती राखाडी, पिठासारखी भुकटी. सकाळी ती आमच्या खिडक्यांवर, झाडांच्या पानांवर आणि मशीनवर काम करणाऱ्या पोरांच्या पापण्यांवर बसलेली होती.

दहा दिवसांनी शेजारच्या प्लॉटमध्ये दुसरी गाडी आली. त्यांना नऊशे फुटांवर थोडं पाणी लागलं. पुढच्या तीन आठवड्यांत त्याच ओळीतल्या एका जुन्या घराची चारशे फुटांची बोअर आटली. त्या घरात चार बिऱ्हाडं भाड्यानं राहतात. दोन्ही बोअरचं पाणी एकाच भेगेतून येत होतं का, हे मोजमाप केल्याशिवाय सांगता येणार नाही. पण मोजमाप कुणी केलंच नाही. कुणाला तशी गरजही वाटली नाही. ज्याचा प्लॉट त्याची बोअर, त्यात विचारायचं काय?

त्याच महिन्यात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी शहराच्या पाण्याचा हिशोब मांडला. बंगळुरूला रोज २,६०० दशलक्ष लिटर पाणी लागत होतं. कावेरीतून सुमारे १,४७० येत होतं, बोअरमधून ६५० आणि ५०० च्या आसपास तूट होती. सुमारे १४,००० सरकारी बोअरपैकी ६,९०० कोरड्या पडल्या होत्या. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लागला. टँकरचे दर प्रशासनाला ठरवून द्यावे लागले: पाच किलोमीटरच्या आत ६,००० लिटरला ६०० रुपये, १२,००० लिटरला १,००० रुपये. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर कारणांची यादी आली. पाऊस कमी झाला, तलाव बुजवले, शहर फार वाढलं. सगळी कारणं खरी आहेत. पण त्या यादीत जात हा शब्द नव्हता.

पाऊस काय जात बघून पडतो का, असं विचारणारे लगेच भेटतात. नाही, पाऊस जात बघून पडत नाही. पण पडलेलं पाणी जमिनीत मुरलं की ते जमिनीच्या मालकाचं होतं. आणि या देशात जमिनीचा मालक कोण असावा हे जातीनं ठरवून ठेवलं आहे. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे. ते पटवून देण्यासाठी आधी खडकाकडे जावं लागेल.

खडक काय सांगतो

बनशंकरीहून हिरव्या मार्गाच्या मेट्रोनं चौथं स्टेशन लालबाग. तिथल्या बागेतला उघडा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलं आहे. म्हैसूर संस्थानच्या भूगर्भ खात्यात काम करणाऱ्या डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ मध्ये या खडकाला पेनिन्सुलर नाइस असं नाव दिलं. बनशंकरीच्या घरांखाली, रस्त्यांखाली, मंदिराखाली पसरलेला आहे तो हाच खडक.

हा खडक घट्ट आहे. वाळूत किंवा गाळात जसं कणाकणांमध्ये पाणी साठतं तसं यात साठत नाही. पाणी असतं ते दोन ठिकाणी. वरचा थर हजारो वर्षांच्या ऊन-पावसानं झिजून मुरूम झालेला असतो. पावसाचं पाणी आधी त्यात मुरतं. त्याखाली घट्ट खडक लागतो आणि त्यात कुठे कुठे भेगा असतात. मुरुमातलं पाणी हळूहळू त्या भेगांत उतरतं. सोप्या भाषेत सांगायचं तर मुरूम ही टाकी आहे आणि भेगा हे नळ आहेत.

बोअर मारणारा माणूस नळ शोधत असतो. टाकी भरलेली आहे की नाही हे तो बघत नाही. वर डांबर, काँक्रीट आणि फरशी टाकून पाणी मुरायची वाट बंद केली आणि खाली शेकडो बोअरनी उपसा चालू ठेवला की टाकी रिकामी होते. मग नळ कितीही खोल खणा, त्यातून येणार काय? शिवाय जसजसं खोल जावं तसतशा भेगा कमी होतात आणि वरच्या खडकाच्या भारानं आवळल्या जातात. हजार फुटांवर पाणी कधीच लागत नाही असं नाही. पण लागलं तरी ते फार पूर्वी साठलेलं थोडं पाणी असतं. ते एकदा उपसलं की पुन्हा भरायला आपलं आयुष्य पुरत नाही. तो उत्पन्नातून केलेला खर्च नसतो, ती मुद्दल असते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे अनोळखी वाटायला नको. आपला काळा पाषाण वेगळा, लाव्ह्याच्या थरांनी बनलेला, पण तोही कठीण खडकच. त्यातही पाणी मुरुमात, भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या जागेत असतं. म्हणूनच महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर मारायला मनाई केली. ती मनाई गावोगावी कशी पाळली जाते हे मराठवाड्यातल्या कुठल्याही रस्त्यावर उभ्या असलेल्या बोअरच्या गाड्यांना विचारावं.

खडकाची दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. भेग प्लॉटच्या कंपाउंडला विचारून वळत नाही. ती अंकलच्या घराखालून शेजाऱ्याच्या घराखाली जाते, तिथून भाडेकरूंच्या खोल्यांखाली, तिथून वस्तीतल्या सरकारी बोअरखाली. खडकाच्या दृष्टीनं हे सगळं पाणी एकच आहे. त्याचे तुकडे कायद्यानं केले.

काठावरची जात आणि तळातली जात

१८८२ च्या इझमेंट कायद्यानं जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीखालचं पाणी गोळा करण्याचा आणि हवं तसं वापरण्याचा हक्क मान्य केला. इंग्लंडच्या ओल्या हवेतला हा विचार आपल्या कोरड्या मुलखाला जसाच्या तसा लागू झाला आणि आजही आपल्या भूजलाच्या मालकीच्या मुळाशी तोच आहे. आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून बघा. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार त्यांच्याकडे कसण्यात असलेली जमीन एकूण क्षेत्राच्या सुमारे ९ टक्के. जमीन ज्याची पाणी त्याचं, असा नियम असेल तर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळू दिली नाही त्यांच्या वाट्याला काय उरतं?

आपल्या चळवळीचा इतिहास पाण्यापासून वेगळा काढता येत नाही. १८६८ मध्ये जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले ऊर्फ रावबहादूर बोले यांच्या ठरावानं मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा निर्णय झाला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतरही कोर्टात दहा वर्षं झगडावं लागलं आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाजूनं लागला. तो सगळा लढा काठाचा होता. तळं सार्वजनिक, विहीर सार्वजनिक, मग काठावर यायची बंदी का, हा प्रश्न होता.

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझी आजी विहिरीपासून अंतर ठेवून घागर घेऊन उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं. कधी कधी दुपार व्हायची. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या वस्तीत हापसा आला. तो हापसा घडण्यात आपल्याच मुलखाचा हात आहे. जालना आणि सोलापूर इथल्या कार्यशाळांत तयार झालेल्या पंपांच्या अनुभवावरून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क टू हा हातपंप बनला आणि पुढे देशोदेशी गेला. आजी म्हणायची, हापशाला काठ नसतो. बाटवायला काठच नाही, दोर नाही, पोहरा नाही. दांडा दाबला की पाणी. आमच्या वस्तीतल्या बायांसाठी ती छोटी मुक्ती होती.

पण इंडिया मार्क टू साधारण ५० मीटरवरून पाणी उचलतो. पुढे शेताशेतांत सबमर्सिबल मोटारी आल्या, ज्यांच्याकडे जमीन, वीज जोडणी आणि कर्जाला तारण होतं त्यांनी तीनशे, पाचशे, सातशे फूट खोल बोअर मारल्या आणि पाण्याची पातळी हापशाच्या हाताखालून निसटली. कुणी आमच्या बायांना हापशाजवळून हाकललं नाही. कुणी काही बोललंही नाही. हापसा नुसता हवा ओढू लागला. वस्तीतल्या बाया पुन्हा घागरी घेऊन बागायतदाराच्या मोटारीजवळ उभ्या राहू लागल्या. जात किती फुटांवर लागते? आमच्या गावात ती दीडशे फुटांच्या खाली लागली.

बनशंकरीत तेच घडतंय, फक्त आकडे मोठे आहेत. बोअरचा फुटाचा दर खोलीबरोबर वाढत जातो. केसिंग, मोटार, केबल यांचा खर्च वेगळा. कोरडी गेली तरी मशीनचे पैसे द्यावेच लागतात. हा जुगार खेळायला आधी प्लॉट लागतो. भाडेकरूला बोअर मारता येत नाही. वस्तीत राहणाऱ्या घरकामगार बाईला, पौरकार्मिकाला, बांधकाम मजुराला तर नाहीच. त्यांच्यासाठी सरकारी बोअरवर चालणारं शुद्ध पाण्याचं केंद्र असतं, जिथं नाणं टाकून वीस लिटरचा कॅन भरायचा. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातली अशी अनेक केंद्रं बंद पडली किंवा त्यांच्यासमोर रांगा लागल्या. त्या रांगेत कोण होतं हे बघायला आडनावं विचारायची गरज नव्हती.

म्हणजे काठावरची अस्पृश्यता ज्या कायद्यानं बेकायदा ठरली, त्याच देशाच्या दुसऱ्या कायद्यानं तळातली मालकी शाबूत ठेवली. कुणी कुणाला शिवी दिली नाही, कुणी अडवलं नाही, म्हणून ॲट्रॉसिटीचा गुन्हा होत नाही. पण परिणाम तोच: एकाच्या टाकीतून पाणी ओसंडतं आणि दुसरा कॅन घेऊन उभा राहतो.

भुकटी कुणाच्या छातीत जाते

त्या रात्री मशीनवर सात जण होते. सकाळी मी चहा घेऊन खाली गेलो तेव्हा त्यातला एक पोरगा बोलला. मूळचा बस्तरकडचा. वय विचारलं तर हसला. गाडी जिथं जाईल तिथं हे सगळे जातात, गाडीखाली नाहीतर गाडीवर झोपतात. कानात बोळे नव्हते. तोंडाला गमछा होता.

नाइस खडकात गारेचं, म्हणजे क्वार्ट्झचं प्रमाण भरपूर असतं. हॅमरनं तो खडक फुटला की सिलिकाची इतकी बारीक धूळ उडते की ती डोळ्यांना दिसत नाही आणि फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जाते. तिथं ती बसली की फुप्फुस कडक होत जातं. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. गमछा ही धूळ अडवत नाही. अनेकदा रोग्याला क्षय झाल्याचं समजून वर्षानुवर्षं क्षयाची औषधं दिली जातात, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर जडतो हेही खरं.

उपाय महाग नाही. खोदताना हवेबरोबर पाणी किंवा फेस सोडला की बरीचशी धूळ जागीच बसते. भुकटी बाहेर पडते ते तोंड झाकून पाइपनं लांब न्यायचं. माणसांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं. धूळ गाळणारा खरा मास्क आणि कानाला संरक्षण द्यायचं. दरवर्षी छातीची तपासणी करायची. यातलं काहीही न करता बोअर होते, कारण ज्याची छाती आहे त्याची किंमत बिलात धरलेली नसते. बिलात फूट असतात, केसिंग असतं, डिझेल असतं. आदिवासी पोराची फुप्फुसं फुकट.

आपण सफाई कामगारांच्या गटारातल्या मृत्यूंविषयी बोलतो आणि बोलायलाच हवं. पण गटारातला मृत्यू एका दिवसात होतो आणि बातमी होते. धुळीचा मृत्यू पंधरा-वीस वर्षांनी, कुठल्या तरी दूरच्या गावात, खोकून खोकून होतो. बोअरच्या मालकाला तो कधीच कळत नाही.

बोअर मारणं आणि बोअर बंद करणं

चांगली बोअर म्हणजे नुसतं खोल भोक नाही. वरच्या मुरुमाच्या थरातून केसिंग पाइप उतरवून तो खालच्या घट्ट खडकात नीट बसवावा लागतो. पाइपच्या बाहेरची मोकळी जागा सिमेंटनं किंवा चिकण मातीनं बंद करावी लागते. तोंडाशी काँक्रीटचा ओटा, बाहेरच्या बाजूला उतार, वर घट्ट टोपण. हे केलं नाही तर वरचं घाण पाणी पाइपच्या कडेनं थेट खाली उतरतं. शहराच्या गळक्या ड्रेनेजमधलं नायट्रेट भूजलात जातं ते अशा वाटांनीही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली तर सगळ्यात आधी धोका बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते.

शोषखड्डा आणि बोअर यांच्यात निदान पन्नास फूट अंतर असावं असं सर्वसाधारणपणे सांगतात. बंगळुरूचा नेहमीचा प्लॉट ३० बाय ४० फुटांचा. त्याचा एक कोपरा आणि समोरचा तिरपा कोपरा यांच्यातलं अंतर बरोबर पन्नास फूट. म्हणजे ज्या नव्या वसाहतींत ड्रेनेज पोचलेलं नाही तिथं घरोघरी शोषखड्डा आणि घरोघरी बोअर हे गणित भूमितीतच बसत नाही. प्रत्येकाची स्वतंत्र बोअर ही कल्पनाच आरोग्याच्या विरोधात आहे.

आणि कोरडी गेलेली बोअर? सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०१० ला नियम घालून दिले आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला ते सुधारले. बोअर मारण्याच्या पंधरा दिवस आधी कळवायचं. मशीनच्या एजन्सीची नोंदणी हवी. जागेवर फलक आणि कुंपण हवं. तोंडावर टोपण बसवायचं. सोडून दिलेली बोअर माती, वाळू, दगड, भुकटी यांनी तळापासून जमिनीपर्यंत भरून टाकायची. कर्नाटकात २०११ चा भूजल कायदा आहे आणि २०२४ मध्ये दुरुस्ती करून त्यातली शिक्षा वाढवण्यात आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विजयपुरा जिल्ह्यातल्या लच्याण गावात दोन वर्षांहून लहान मूल उघड्या बोअरमध्ये पडलं आणि सुमारे वीस तासांनी जिवंत बाहेर काढलं गेलं. सगळीच मुलं इतकी नशीबवान नसतात. अशा बातम्यांमध्ये आईबाप बहुतेक वेळा शेतात राबणारे असतात आणि मूल बांधावर खेळत असतं.

आमच्या समोरच्या प्लॉटमधली अकराशे फुटांची कोरडी बोअर दोन महिने एका पोत्यानं आणि दगडानं झाकलेली होती. त्या गल्लीत बांधकामावरच्या मजुरांची पोरं खेळतात.

मातीची विद्या आणि तिच्या गळ्यातली जात

या शहरात पाण्याची दुसरी विद्याही आहे. मन्नु वड्डर, म्हणजे आपल्याकडचे माती वडार. महाराष्ट्रात वडार समाज विमुक्त जातींत मोडतो, कर्नाटकात भोवी या नावानं अनुसूचित जातींत. राज्याची सीमा ओलांडली की कागद बदलतो, पहार आणि घमेलं तेच राहतं. सरजापूरजवळच्या भोवीपाळ्यासारख्या वस्त्यांतले हे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आड खोदत आले आहेत. मुरूम कुठे संपतो, झिरपा कोणत्या बाजूनं येतो, माती कधी ढासळेल हे त्यांना हाताला कळतं. कब्बन पार्कातल्या जुन्या विहिरींचा गाळ त्यांनीच काढला आणि तिथं पुन्हा पाणी दिसलं. बंगळुरूत दहा लाख पुनर्भरण विहिरींची मोहीम बायोम या संस्थेनं त्यांच्याच भरवशावर उभी केली. तीन फूट व्यासाची, वीस-तीस फूट खोल विहीर, आत सिमेंटच्या कड्या, छपरावरचं पाणी गाळून त्यात सोडायचं. हे पाणी थेट मुरुमाच्या टाकीत जातं. खडकशास्त्र जे सांगतं तेच हे लोक करतात. फरक एवढाच की एकाला भूवैज्ञानिक म्हणतात आणि दुसऱ्याला वड्डर.

पण इथं सावध राहायला हवं. अलीकडे पर्यावरणाच्या वर्तुळात पारंपरिक ज्ञानाचं फार कौतुक होतं. फोटो निघतात, माहितीपट बनतात. त्या कौतुकात एक गोष्ट हळूच दडलेली असते: हे काम यांचंच आहे आणि यांच्या पोरांनीही तेच करावं. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं होतं की जात नुसती कामं वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाही कप्प्यांत बंद करते. वड्डराच्या पोराला विहीर खोदायची असेल तर तो खोदेल, पण त्याला भूजलशास्त्राची पदवी घेऊन महानगरपालिकेत भूवैज्ञानिकाच्या खुर्चीत बसायचं असेल तर ती वाट कुठे आहे? आणि अंकलच्या पोरानं विहिरीत उतरायचं ठरवलं तर त्याला कुणी शिकवावं? विद्या समाजाची व्हावी, जातीची राहू नये.

विहिरीत उतरणं हे धोक्याचं कामही आहे. जुन्या, बंद राहिलेल्या विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असतो. आत डिझेलचा पंप उतरवला तर त्याच्या धुरात विषारी वायू साठतो. दिवा सोडून बघण्याची जुनी पद्धत प्राणवायूची कमतरता दाखवते, विषारी वायू दाखवत नाही. त्यासाठी वायू मोजायचं यंत्र लागतं, कमरेला पट्टा आणि दोर लागतो, वर लक्ष ठेवणारा माणूस लागतो. कौतुकाच्या भाषणांपेक्षा या तीन गोष्टी वड्डरांच्या जास्त कामाच्या आहेत.

मग मागायचं काय

पहिली मागणी मालकीची. भूजल हे प्लॉटमालकाचं नाही, सर्वांचं आहे असं कायद्यानं म्हटलं पाहिजे. हे स्वप्नरंजन नाही. केरळमधल्या प्लाचिमाडाच्या आदिवासींनी २००२ मध्ये कोका-कोलाच्या कारखान्याविरुद्ध ठिय्या दिला. डिसेंबर २००३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी भूजल ही जनतेची ठेव आहे असं म्हटलं. २००५ मध्ये खंडपीठानं तो निकाल फिरवला. पण कारखाना २००४ पासून बंदच राहिला. म्हणजे कोर्टात अर्धवट राहिलेली गोष्ट लोकांनी जमिनीवर पूर्ण केली.

दुसरी मागणी मोजमापाची. प्रत्येक बोअरची खोली, पाण्याची पातळी आणि उपसा यांची नोंद वॉर्डात उघड लावा. परवानगी प्लॉटनुसार देऊ नका, त्या भागातल्या खडकात किती पाणी आहे यावरून द्या. आणि त्या पाण्यातला पहिला वाटा वस्तीच्या नळाचा असू द्या, टँकरचा नाही.

तिसरी मागणी माणसांची. ज्या मशीनवर धूळ दाबायची सोय नाही, कामगारांची यादी आणि आरोग्य तपासणी नाही, तिची नोंदणी रद्द करा. सिलिकोसिसची भरपाई कामगार कुठल्याही राज्याचा असला तरी मिळाली पाहिजे. कोरडी बोअर बुजवल्याचा दाखला दिल्याशिवाय मशीनचं बिल पूर्ण होऊ नये.

चौथी मागणी वरच्या टाकीची. बंगळुरूत २००९ पासून पावसाचं पाणी साठवणं ठराविक आकाराच्या घरांना सक्तीचं आहे. बनशंकरीच्या शेजारी जयनगरमध्ये त्याचं प्रदर्शनही आहे. ती सक्ती कागदावरून मुरुमात उतरवा आणि ते काम वड्डर कारागिरांच्या सहकारी संस्थांना योग्य दरानं, विम्यासह द्या.

आपल्यातल्या घर घेतलेल्या माणसांनाही एक सांगायचं आहे. आरक्षणातून नोकरी लागली, बनशंकरीसारख्या ठिकाणी प्लॉट झाला, आता आपलीही बोअर असावी असं वाटणं चुकीचं नाही. इतकी वर्षं ज्यांना पाणी नाकारलं त्यांनी आपल्या अंगणात मोटार लावली तर त्याचा आनंदच आहे. पण अंकलसारखं अकराशे फूट जाण्यात मुक्ती नाही. महाडला बाबासाहेबांनी वेगळं तळं मागितलं नव्हतं. सगळ्यांचं होतं तेच तळं मागितलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही चार भाडेकरूंनी अंकलना भेटून सांगितलं, अंकल, बोअर बुजवून घ्या, पोरं खेळतात. ते आधी चिडले. माझी जागा, माझी बोअर, म्हणाले. मग भुकटी आणि खडी आणून ती तळापासून भरली आणि वर सिमेंटची टोपी बसवली. त्या टोपीवर आता कुणीतरी कुंडी ठेवली आहे. आम्हाला पाणी मिळालं नाही, पण निदान कुणाचं पोर त्यात पडणार नाही. बाकीचं भांडण अजून बाकी आहे.

जय भीम.